नापाससाहेबांच्या ट्रॅक्टरचे दिवे

"गाडी बाजूला घे. इंजिन बंद कर. उतर. आणि पुन्हा येशील तेव्हा शिकून ये."

इतकी वर्षं झाली, पण तो आवाज जावयाच्या कानात जसाच्या तसा होता. तेव्हा तो जावई नव्हता. नुकतं मिसरूड फुटलेलं, अंगात मोठ्या भावाचा शर्ट, आणि लायसन्सच्या परीक्षेला आलेला. चूक काय झाली, तर वळताना त्याने आरशात बघितलं नव्हतं. म्हणजे बघितलं होतं, पण परीक्षकसाहेबांना दिसेल असं बघितलं नव्हतं. साहेब कधी पास-नापास हे शब्द वापरत नसत. 'उतर' म्हणाले की माणसाने समजून घ्यायचं. अर्ध्या गावाला त्यांनी असं उतरवलं होतं. गाव त्यांना तोंडावर साहेब म्हणे आणि पाठ फिरली की नापाससाहेब.

पुढे ह्याच नापाससाहेबांची मुलगी त्याच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात स्कूटरचा हॉर्न दुरुस्त करायला आली. मग पुन्हा आली. हॉर्न गल्लीभर ओरडायला लागला तरी येतच राहिली, आणि साहेबांना जावई मिळाला तो त्यांनी स्वतःच उतरवलेला. लग्नाला त्यांनी संमती दिली, पण अर्जावर शिक्का उमटवावा तशी, वर न बघता. पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणत, "हे आमचे जावई. वायरिंगचं बघतात." त्या 'बघतात'वर आवाज असा काही खाली येई, की जावयाच्या हातातला चहा आपोआप गार व्हावा.

मग साहेब निवृत्त झाले, आणि घरात ट्रॅक्टर आला.

साहेबांनी जन्मात कधी ढेकूळ फोडलं नव्हतं. कुंडीतल्या रोपाला पाणीसुद्धा सासूबाई घालत. पण भंगारवाल्याच्या आवारात, वेलींनी गळ्यापर्यंत गुंडाळलेला तो ट्रॅक्टर त्यांनी पाहिला आणि त्यांचा जीव त्याच्यावर जडला. निवृत्त माणसाला कुणावर तरी हुकूम चालवायला लागतो. ट्रॅक्टर उलट बोलत नाही. त्याला घासला, पुसला, रंगवला. रंगवल्यावर तो फारच नवा दिसायला लागला, म्हणून पुन्हा घासून जुना केला. बोनेटच्या कडेला गंज नव्हता, तिथे रंगाऱ्याकडून खोटा गंज रंगवून घेतला. डाव्या दिव्याच्या डोमला एक पोचा होता. तो ठोकून सरळ करू का, असं विचारणाऱ्या पत्रेवाल्याकडे साहेबांनी असं बघितलं, की त्या माणसाला आपली लायसन्सची परीक्षा आठवली.

गावात अशा हौशी लोकांचं एक मंडळ होतं. जुन्या मोटारी, जुन्या मोटरसायकली, एक आग विझवायचा बंब आणि सेक्रेटरींची जीप, जी दरवर्षी ढकलत आणावी लागे आणि तरी दरवर्षी 'सुस्थितीत' म्हणून तिची नोंद होई. वर्षातून एकदा, दिवस मावळताना, ही सगळी म्हातारी वाहनं दिवे लावून बाजारातून मैदानापर्यंत फेरी काढत. लोक दुतर्फा उभे राहत, टाळ्या वाजवत, बाजूला होत. साहेबांना त्यातलं लोक बाजूला होतात हे विशेष आवडे.

यंदा मंडळाने साहेबांना फेरीच्या अग्रभागी चालण्याचा मान दिला होता. अट एकच: ट्रॅक्टर सगळ्यांना लांबून दिसला पाहिजे. गेल्या वर्षी त्याचे दिवे असे पेटले होते, की बघणाऱ्याला वाटावं, आत कुणीतरी उदबत्ती लावून ठेवलीय.

"एलईडी घाला," सेक्रेटरी म्हणाले. "फक्त वरून जुनं दिसलं पाहिजे. आतलं कोण बघतं?"

हे मंडळाचं ब्रीदवाक्यच म्हणायला हरकत नव्हती.

तर अशा रीतीने जावई पहिल्यांदा सासऱ्यांच्या कामाला आला.

काम त्याने मनापासून केलं. डोम तेच ठेवले, पोचासकट. काचा त्याच, उभ्या रेघांच्या, एका कोपऱ्यात बुडबुडा असलेल्या. आतला काळवंडलेला रिफ्लेक्टर चकचकीत करून घेतला. बल्ब शोधताना पांढराफटक उजेड टाळून पिवळसर, लोण्याच्या रंगाचा निवडला. नव्या वायरीवर सुती कापडाची नळी चढवली, आणि ती नळी नवी दिसते म्हणून चहाच्या पाण्यात भिजवून वाळवली. दुकान बंद करून तो रोज सासुरवाडीला जाई. साहेब स्टुलावर बसून देखरेख करत. चिमी, जावयाची मुलगी, मडगार्डवर चढून बसे आणि स्वतःचं गाणं स्वतःच जुळवून म्हणे:

"आजोबांचा ट्रॅक्टर, त्याला डोळे दोन,
एक बघतो मला, दुसऱ्यात कोण?"

"दुसऱ्यात मी," साहेब म्हणत. फेरीच्या दिवशी चिमीने ह्याच मडगार्डवर बसायचं, असं आजोबा-नातीचं ठरलेलं होतं. तिने शाळेत सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

सगळं जोडून पहिल्यांदा बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही.

जावयाने पुन्हा दाबलं. बल्ब काढला, फुंकला, बसवला. पुन्हा दाबलं. अंधार.

"हे नवं तंत्र का?" साहेबांनी विचारलं. त्यांचा चेहरा इतका खुलला होता, की अशा आनंदात जावयाने त्यांना फक्त वाहतूक नियमांच्या पुस्तकाबरोबर पाहिलं होतं. "छान आहे. बॅटरी अजिबात उतरणार नाही."

जावयाने कपाळावर हात मारला. आताच्या गाड्यांत बॅटरीची उणे बाजू बॉडीला जोडलेली असते. ह्या म्हाताऱ्यात सगळं उलटं, अधिक बाजू बॉडीला. तारेच्या जुन्या बल्बला त्याचं सोयरसुतक नसतं, वीज कुठल्याही वाटेने येवो, तो पेटतो. एलईडी मात्र मानी. पुढच्या दाराने बोलावलं तरच येते. आयुष्य वायरीत घालवलेल्या माणसाने हे विसरावं, आणि तेही सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत! त्याने होल्डर वॉशर घालून बॉडीपासून वेगळे केले, वायरींची अदलाबदल केली, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा बटण दाबलं.

अंगणात उजेड सांडला. मध सांडावा तसा, हळू आणि पिवळा. समोरची भिंत, तिच्यावरची वेल, वेलीवरचं एकेक पान जागं झालं. घरट्यात परतलेल्या चिमण्या पुन्हा उठल्या आणि सकाळ झाली की काय म्हणून भांडायला लागल्या. चिमीने टाळ्या वाजवल्या. जावयाला स्वतःच्याच हाताचं कौतुक वाटलं.

साहेब स्टुलावरून उठले. दिव्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंद आहेत."

"मंद?"

"मंद म्हणजे, पसरट. धुरकट. उजेड एका जागी उभाच राहत नाही. जरा तगडे बल्ब नाहीत का मिळत?"

मिळत होते. जावयाने घातले. समोरची भिंत आता पांढरी दिसायला लागली. साहेब म्हणाले, "आता तर जास्तच धुरकट." त्याने काचा बदलून पाहिल्या, तिरक्या करून पाहिल्या, त्याहून तगडे बल्ब आणले. पलीकडच्या शेजारणीने खिडकीला जाड पडदा लावला. ट्रॅक्टरपुढे पतंगांची जत्रा भरू लागली. साहेबांचं पालुपद तेच: "मंद."

पण ह्या मंदपणात एक गोड गोष्ट घडली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रोज संध्याकाळी शेजारी बसून बसून साहेब जावयाशी बोलायला लागले. आधी बल्बांबद्दल, मग नोकरीबद्दल, मग आपल्या लहानपणाबद्दल. जावईबापूमधला जावई गळला आणि नुसते बापू राहिले. "बापू, चहा घेणार?" "बापू, तुमच्या हाताला गुण आहे हो, हे मी नेहमीच म्हणायचो." ते कधीच म्हणाले नव्हते. पण जावयाला ते इतकं गोड लागलं, की त्याने त्यांच्या भूतकाळाची तपासणी केली नाही. एकदा सेक्रेटरी आले तेव्हा साहेबांनी ओळख करून दिली, "हे आमचे जावई. गावात असा इलेक्ट्रिशियन नाही." त्या रात्री जावई घरी शीळ वाजवत गेला. बायको म्हणाली, "काय हो, पुन्हा लग्न ठरल्यासारखं काय चाललंय?"

दिवे जोवर मंद होते, तोवर तो बापू होता.

आणि मग एका संध्याकाळी तो दिव्यांच्या थेट समोर उभा होता, उजेडाच्या ऐन मध्यात, नाटकातल्या नटासारखा. हातात पाना होता. साहेब मागे सीटवर बसले होते. ते मान इकडेतिकडे वळवत म्हणाले,

"बापू, गेलात कुठे?"

जावई काही बोलला नाही. साहेबांनी पुन्हा हाक मारली. तो हलला नाही. साहेबांची नजर त्याच्यावरून फिरली, कुंपणावर गेली आणि परत त्याच्यावरून फिरून दुसऱ्या कुंपणावर गेली.

"इथेच आहे," तो म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

त्याच्या दुकानात एक ट्रकवाला येत असे. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटून मोराच्या पिसाऱ्यासारखा दिसतो, आपल्या दिव्यात काही दम नाही, अशी त्याची तक्रार. जावयाने त्यालाही बल्बवर बल्ब बदलून दिले होते. शेवटी त्या माणसाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि हिरवी पट्टी लावून तो दुकानात आला नि म्हणाला, "जुनेच परत बसवा मालक, हे डोळ्यात घुसतात." धुरकट डोळ्यांपुढे उजेड वाढवत नेणं म्हणजे दुधात आणखी दूध ओतून तळ शोधणं.

म्हणजे त्याने इतके दिवस सासऱ्यांना उजेड दिला नव्हता. धुकं दिलं होतं. दर खेपेला जास्त दाट.

त्या दिवसापासून जावयाला घर वेगळंच दिसायला लागलं. खुर्च्या कधीच जागच्या हलत नसत. ओसरीच्या पायरीच्या कडेला पांढरी पट्टी मारलेली होती. सासूबाई बांगड्या वाजवत चालत, आणि साहेबांजवळ आल्या की जरा जास्तच. फाटकाचे खांब नुकतेच चुन्याने पांढरे केलेले. सगळं घर एका माणसाभोवती आंधळी कोशिंबीर खेळत होतं. फरक एवढाच, की डोळे बांधलेल्याला आपल्यावर राज्य आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

साहेब बाहेर ट्रॅक्टर पुसत असताना त्याने स्वयंपाकघरात सगळ्यांना गाठलं. सासूबाई, बायको आणि धाकटा मेहुणा.

"आई, साखरेचा डबा खाली आणि मिठाचा एकदम वरच्या फळीवर, हे कधीपासून?"

सासूबाई भांडी मांडत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांनी चहात मीठ घातलं तेव्हापासून."

"मग?"

"मग काय! प्यायले. म्हणाले, आज चहा निराळा लागतोय. मी म्हटलं, पूड बदललीय."

"आणि पेपर? पेपर तर रोज वाचतात."

"मी वाचते ना आधी. भाजी निवडताना, मोठ्याने, आपलीच आपल्याशी बडबडतेय अशी. मग ते पेपर हातात धरतात आणि तेच सगळं मला सांगतात. मी म्हणते, हो का, अगं बाई."

"खांबांना चुना मी लावला," मेहुणा म्हणाला.

"म्हणजे तुलाही माहीत होतं?" बायकोने विचारलं.

"मला वाटलं, मला एकट्यालाच माहीत आहे."

"आणि पायरीची पट्टी?"

"ती माझी," बायको म्हणाली आणि नवऱ्याकडे बघायचं टाळलं.

चौघं एकमेकांकडे बघत राहिले. एका घरात, एका छताखाली, एकमेकांपासून चोरून चौघंही एकच चोरी करत होते.

"साधा मोतीबिंदू असणार," जावई म्हणाला. "काढला की झालं. सकाळी जायचं, दुपारी घरी. कुणीतरी सांगायला पाहिजे."

'कुणीतरी' हा शब्द ओट्यावर पडला आणि सगळ्यांनी त्याच्यापासून हात लांब घेतले.

"तू मुलगा आहेस," सासूबाई मेहुण्याला म्हणाल्या.

"म्हणूनच नको. मी सांगितलं तर म्हणतील, ह्याला माझा ट्रॅक्टर पाहिजे. ताई, तू सांग. तुझं ऐकतात."

"माझं एकटीचं ऐकतात, तेवढं तरी राहू दे रे," बायको म्हणाली. "आई, तू?"

सासूबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "तुमच्या काकांचं आठवतंय ना? सख्खा मोठा भाऊ. डोळे अधू झाले म्हणून ह्यांनी लायसन्स काढून घेतलं. चार माणसांत. नियम म्हणजे नियम. भाऊ उठला, म्हणाला, बरोबर केलंस, आणि गेला तो पुन्हा ह्या उंबऱ्याला शिवला नाही. ह्यांनी त्याचा डोळा काढला असता तरी आला असता. आता मी ह्यांना काय सांगू, तुमचीही पाळी आली म्हणून?"

मग तिघांच्या नजरा जावयावर येऊन थांबल्या.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "तुम्हाला तर बापू म्हणतात."

"हो ना," सासूबाई म्हणाल्या, "तुमच्यावर फार जीव आहे हो आताशा."

जावयाला ते ऐकून आनंद झाला, आणि आनंद झाला याची लाजही वाटली. बापू म्हणणाऱ्या तोंडाला हे सांगायचं, म्हणजे ते तोंड मिटून घेणं. पुन्हा 'वायरिंगचं बघतात.' पुन्हा गार चहा.

"फेरी होऊ दे एवढी," तो म्हणाला.

"हां!" तिघांनी एकदम श्वास सोडला. "फेरी झाली की लगेच सांगू."

"आणि चिमी?" बायकोने हळूच विचारलं. "ती मडगार्डवर बसणार आहे."

"सावकाश चालवतात हो," सासूबाई म्हणाल्या आणि उगीचच नळ सोडला.

मोठमोठी माणसं युद्धं थांबवायला बसतात, ती अशीच उठत असतील. उपाय शोधायचा राहिला, पण योजना मात्र जय्यत झाली. मेहुणा ट्रॅक्टरच्या पुढे पांढरा कोट घालून चालेल, म्हणजे साहेबांना दिशा राहील. सासूबाई दुसऱ्या मडगार्डवर बसून 'डावीकडे किती गर्दी बाई' आणि 'उजवीकडे बघा कोण आलंय' असं म्हणत राहतील. आणि जावई बोनेटखाली आणखी एक दिवा बसवेल, जमिनीवर उजेड टाकणारा. तो दिवा त्याने भंगारातून हुडकला, जुनाच वाटावा म्हणून त्याची कडा काळी केली, आत एलईडी घातली. काम इतकं बेमालूम झालं, की सेक्रेटरींनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "हा मूळचाच ना? ह्या मॉडेलला असायचा."

"असायचा," साहेब ठामपणे म्हणाले. त्यांना तो दिवा दिसत नव्हता.

जावयाला त्या कामाचा अभिमान वाटायला हवा होता. रात्री तो कुशी बदलत राहिला. जमिनीवर उजेड पाडून काय होणार होतं? ज्याला धुकं दिसतंय, त्याच्या पायाशी आणखी धुकं. हे त्याला पक्कं माहीत होतं, गावात इतरांना नसलं तरी त्याला होतं. तरी त्याने स्क्रू आवळले होते, एकेक, घट्ट.

फेरीचा दिवस मावळायला लागला. आभाळ अजून उजळ होतं, पण झाडांखाली सावल्या जमायला लागल्या होत्या. ट्रॅक्टर अंगणात उभा, पुसून पुसून आरशासारखा. साहेबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, छातीवर मंडळाचा बिल्ला. चिमी नव्या फ्रॉकमध्ये ओसरीवरून उड्या मारत होती.

"आधी फाटकापर्यंत नेऊन बघतो," साहेब म्हणाले. इंजिन खोकलं, शिंकलं, धडधडलं. दिवे लागले. तिन्हीच्या तिन्ही. अंगणाचं स्टेशन झालं.

मेहुणा पांढऱ्या कोटात पुढे गेला आणि फाटकाच्या अलीकडे, ऐन वाटेत उभा राहिला. हात वर केले. "या, बाबा! सरळ या!"

साहेब सरळ आले. खरोखरच सरळ आले.

मेहुण्याचे हात 'या'वरून 'थांबा'वर गेले. ट्रॅक्टर थांबला नाही. तो धावतही नव्हता, बैलासारखा रमतगमत चालला होता, पण चालला होता मेहुण्यावरच. साहेबांच्या चेहऱ्यावर मंद, मानकऱ्याचं हसू. शेवटच्या घटकेला मेहुण्याने किंकाळी फोडली आणि कोटासकट कुंपणाच्या काटेरी झुडपात उडी घेतली. पुढचं चाक तो उभा होता त्या जागेवरून गेलं. मग खांबाला मडगार्ड घासल्याचा करकर आवाज आला आणि साहेबांनी ब्रेक दाबला.

"कोण ओरडलं?"

"मांजर," सासूबाई म्हणाल्या.

"एवढं मोठ्याने?"

"मोठं होतं."

झुडपातून मेहुण्याचं डोकं वर आलं. कानात काटा, केसांत पानं. "म्यांव" म्हणायचं तेवढं त्याने बाकी ठेवलं. "काही नाही बाबा," तो म्हणाला, "मी इकडे झाडाला पाणी घालत होतो. झकास चालवलात!"

जावई ओसरीवर उभा होता. त्याने बायकोकडे बघितलं. ती चाकाच्या खुणेकडे बघत होती.

"चला, उशीर होतोय," साहेबांनी सीटवरूनच हाक दिली. "चिमे! ये, तुझी जागा वाट बघतेय." आणि त्यांनी दोन्ही हात पसरले, ओसरीच्या दिशेला, जिथून मघाशी तिचा आवाज आला होता. चिमी तिथे नव्हती. ती कधीच धावत येऊन त्यांच्या दुसऱ्या बाजूला, मोठ्या चाकापाशी उभी होती आणि फ्रॉक सावरत वर चढायला बघत होती.

"बाबा, मला उचल ना," ती वडिलांना म्हणाली.

जावई ओसरीवरून उतरला, तिच्यापाशी आला. त्याने तिला उचललं. ती चांगलीच जड झाली होती, हे त्याला तेव्हाच कळलं. मडगार्ड त्याच्या छातीइतकं उंच होतं. खाली चाक, त्याच्या एकेका खाचेत माती. तो तिला घेऊन तसाच उभा राहिला.

"बसवा ना, बापू," साहेब म्हणाले.

"नाही."

"काय?"

"ती बसणार नाही." त्याला वाटलं आपण ओरडतोय, पण आवाज इंजिनाखाली दबत होता, म्हणून तो खरंच ओरडला. "दिवे चांगले आहेत, बाबा! पहिल्या दिवसापासून चांगले आहेत. पहिलेच बल्ब पुरेसे होते. मी नंतर घातले ते सगळे उगीच घातले, तुम्ही मला बापू म्हणता म्हणून घातले. दोष दिव्यांचा नाही. तुम्हाला दिसत नाही. आता फाटकात कुणी मांजर नव्हतं. तुमचा मुलगा होता!"

इंजिन धडधडत राहिलं. शेजारणीचा जाड पडदा जरासा बाजूला झाला.

साहेबांची मान ताठ झाली. "वायरवाले," ते म्हणाले. बापू गेला होता. इतका पटकन जाईल असं जावयाला वाटलं नव्हतं. "तुम्ही मला डोळ्यांचं शिकवणार? आयुष्यभर मी लोकांचे डोळे तपासले. हिला विचारा. काय गं, दिसत नाही मला?"

सासूबाईंनी रुमाल काढला आणि मडगार्डवरचा नवा ओरखडा पुसायला लागल्या. ओरखडा पुसून जात नसतो हे त्यांना माहीत होतं.

"आणि तू रे?"

"तसं काही नाही, बाबा," झुडपातून मेहुणा म्हणाला. "म्हणजे वयोमानाप्रमाणे सगळ्यांनाच... आणि आज जरा ढगाळही आहे."

आभाळ काचेसारखं स्वच्छ होतं.

बायको ओसरीवरून उतरली, नवऱ्याशेजारी येऊन उभी राहिली, आणि चिमीचा लोंबकळणारा पाय हातात धरला. कुणी बघत असतं तर त्याला एवढ्यात सगळं कळलं असतं. साहेबांना ते दिसलं नाही. त्यांना फक्त कळलं, की मुलीच्या पावलांचा आवाज आपल्याकडे न येता पलीकडे गेला.

बराच वेळ ते स्टीअरिंगवर हात ठेवून बसले. दूर बाजारात बंबाची घंटा वाजली. फेरी जमत होती. मग त्यांनी चाचपडत बटण शोधलं आणि दिवे घालवले. अंगणात संध्याकाळ पुन्हा आली, मऊ, राखाडी, आपल्या पावलांनी. इंजिनही बंद झालं. झुडपातला मेहुणा हलायचा थांबला.

"आजोबा, आपण नाही जायचं?" चिमीने विचारलं.

ह्या खेपेला त्यांनी हात पसरले नाहीत. आवाजाकडे मान तेवढी वळवली.

"बापू," ते म्हणाले. मग थांबले, आणि घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली. "हिचे पुढचे दोन दात पडलेत ना? सगळे म्हणतात, फार गोड दिसते. मीही म्हणतो, हो, फार गोड दिसते." त्यांनी छातीवरचा बिल्ला चाचपला, तो सरळ आहे की वाकडा हे बोटांनी बघितलं. "मी ते पाहिलेलं नाही. दात होते तेव्हाचंही मला नीटसं ठाऊक नाही. मी कुणाला सांगितलं नाही."